जाड पुडीचा एक कण

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भावजय म्हणाली, "कसलं वर्ष गेलं बाई हे." भाऊ म्हणाला, "विशेष काही नाही," आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

छत्तीस वर्षांचं काम हातातून गेलं, दुसरं जमेना, तिसरं चालून आलं तर राजीनामा लिहून खिशात घातला, मधल्या वेळात सहा इंची काच घासून दुर्बिणीचा आरसा केला, आणि हा म्हणतो विशेष काही नाही. म्हटलं, मग मीच लिहिते. तो लिहिणार नाही आणि भावजय लिहायला बसली तर अर्ध्यात रडेल.

आमच्या घराला बोलण्याचा जेवढा म्हणून वाटा मिळाला होता, तो थोरली म्हणून मीच सगळा उचलला असणार. भावाला लहानपणापासून घुम्या म्हणतात. शाळेत हजेरीला नुसती मान हलवायचा, आणि मास्तर गैरहजेरी लावायचे. मी शिकले, कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पोरांवर ओरडून घसा बसवला. हा तेविसाव्या वर्षी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत शिरला आणि तिथलाच झाला.

दुकानात पुढे आरसे, दिवे आणि गोड बोलणारी माणसं. मागे दहा बाय आठची खोली, एक खिडकी, दोन फिरत्या तबकड्या आणि राखाडी गाळाने अर्धी बुजलेली मोरी. तबकडीवर काच झिजवणारी ओली पूड टाकायची, काच तिच्यावर टेकवायची आणि हवा तो नंबर येईपर्यंत घासायची, हे त्याचं काम. घासताना तो डोळे मिटायचा. मी एकदा विचारलं, "डुलक्या काढतोस की काय?"

"ऐकतोय," तो म्हणाला. पूड नवी असते तेव्हा खरखरते, झिजली की कुजबुजते, आणि कुजबुज थांबली की काच उचलायची. शहरातल्या निम्म्या नाकांवर त्याच्या काचा होत्या, आणि त्यातल्या एकाही नाकाला तो माहीत नव्हता. ही व्यवस्था त्याला फार पसंत होती.

गेल्या जानेवारीत मागच्या खोलीत यंत्र आलं. जुने मालक गेल्यापासून दुकान त्यांची मुलगी बघते. पोरगी वाईट नाही. तिने याला काढलं नाही, "काका, तुम्ही आता पुढे काउंटरवर या," म्हणाली. पण यंत्र बसवायला आलेला माणूस जाता जाता एक वाक्य टाकून गेला: "मशीनचा हात थरथरत नाही, काका." त्याला काही लावून बोलायचं नव्हतं, तो सगळीकडे तेच म्हणत असणार. याने मात्र ते मनात धरलं. त्या दिवसापासून तो स्वतःच्या उजव्या हाताकडे असा बघायला लागला, जसं आपण घरात नवीन आलेल्या भाडेकरूकडे बघतो.

काउंटरवर काय झालं ते मी स्वतः पाहिलं, कारण माझ्या चष्म्याची दांडी निखळली होती आणि मी तिथेच बसले होते. एका बाईंनी नवी फ्रेम घातली, आरशात पाहिलं आणि विचारलं, "हिच्यात माझं नाक जाड दिसतं का हो?"

हा म्हणाला, "नाक आहे तेवढंच दिसतं."

बाई उठून गेल्या. मी म्हटलं, "अरे, छान दिसतं म्हणायला काय जातं?"

"तू कधी म्हणतेस?"

मी चष्मा पुढे सरकवला आणि त्याला दांडीचा स्क्रू बसवायला सांगितलं. तांदळाच्या कणीएवढा तो स्क्रू त्याच्या बोटांतून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. स्क्रू कुणाच्याही हातून निसटतो, पण तो घरी जाऊन भावजयीला म्हणाला, "हात चालला माझा."

मे महिन्यात मागची खोली पूर्ण रिकामी केली तेव्हा अडगळीत त्याला दोन जाडजूड गोल काचा सापडल्या, प्रत्येकी सहा इंच रुंद आणि इंचभर जाडीच्या. कुठल्याशा यंत्राच्या खिडकीसाठी मागवलेल्या आणि तशाच राहिलेल्या. मालकीणबाई म्हणाल्या, घेऊन जा. तो त्या उराशी धरून थेट माझ्याकडे आला. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दीड खोलीचं. माझं तळमजल्यावर, आणि मागे धुण्याभांड्यांची एक खोली रिकामी.

"ताई, मागची खोली देशील?"

"कशाला?"

"आरसा करायचाय. दुर्बिणीचा."

"तुला आकाशातलं काय कळतं?"

"काही नाही. काचेतलं कळतं."

छंद हा शब्द मला तेव्हा सुचला आणि मी तो सगळ्यांना सांगतही सुटले, की भावाला म्हातारपणी छंद लागला. पण तो छंद नव्हता. ती परीक्षा होती. चष्म्याची काच बिघडली तर दुसरी घेता येते. दुर्बिणीचा आरसा त्याच्या शंभरपट नेमका लागतो आणि तरीही तो हाताने करता येतो. हात शिल्लक आहे की नाही, हे त्याला एकदाचं बघायचं होतं. भावजयीने ते माझ्याआधी ओळखलं. ती म्हणाली, "वन्सं, हा आरसा नीट झाला नाही तर हे माणूस उठायचं नाही हो."

पद्धत अशी. एक काच खाली, एक वर, मध्ये ओली पूड. वरची काच पुढे-मागे ढकलायची, जराशी फिरवायची, आणि स्वतः एक पाऊल बाजूला सरकायचं. सिमेंट भरलेल्या एका पिंपावर त्याने खालची काच बसवली आणि रोज काउंटरवरून सुटला की दीड तास त्या पिंपाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरायचा. पूड जाड असते तोवर वरची काच मधून खोल होत जाते. मग त्याहून बारीक पूड, मग त्याहून बारीक, अशा सहा पायऱ्या. एक पायरी संपली की त्या पुडीचा एक कणही खोलीत राहता कामा नये. तो फरशी तीनदा धुवायचा, अंगावरचा सदरा बदलायचा, नखंसुद्धा ब्रशने घासायचा. फडकी फेकून द्यायचा.

"ताई, या खोलीत झाडू-फडकं करू नकोस," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणखी काही बोलला नाही, कारण तो घुम्या.

सप्टेंबरपर्यंत तो पाचव्या पुडीवर आला होता. त्याच सुमारास मालकीणबाईंनी काउंटरवरचं त्याचं पाणी जोखलं आणि त्याला विचारलं, "काका, फ्रेमदुरुस्तीच्या टेबलावर बसाल? कोपऱ्यात आहे, कुणाशी बोलावं लागणार नाही. महिनाअखेर सांगा." हे मला त्याने आपणहून येऊन सांगितलं, सलग चार वाक्यांत. चेहरा मी मुद्दाम पाहिला. शाळेत पहिल्यांदा हजेरी लागली असती तर असाच दिसला असता.

त्यानंतरच्या मंगळवारी मी स्वयंपाकघरात होते. मागच्या खोलीतून काचेचा आवाज येत होता, आता अगदी मऊ, रेशमी साडी सरकवावी तसा. मग एकच चर्र. आणि मग काहीच नाही.

मी गेले तर तो काच उजेडाकडे धरून उभा होता. मधोमधपासून कडेकडे दोन बोटं लांबीचा ओरखडा.

"पाचव्या पुडीत असा ओरखडा पडत नाही," तो म्हणाला. "काहीतरी राहिलं. माझ्याकडून राहिलं." त्याने काच कागदात गुंडाळली, नळाखाली हात धुतले आणि निघून गेला.

तो गेल्यावर मी पिंपाकडे पाहिलं. पिंपाच्या कठड्यावर माझं फडकं होतं. म्हणजे माझं नव्हे, त्याचंच. जुलैत जाड पूड संपली तेव्हा त्याने बाहेरच्या नळापाशी टाकलेलं. चांगलं जाडजूड, एवढं धडधाकट फडकं टाकायचं म्हणजे काय? मी ते धुतलं, वाळवलं, घडी करून ठेवलं. आणि त्या मंगळवारी सकाळी पिंपावर धूळ दिसली म्हणून मी त्याच फडक्याने पुसून काढली.

तीस वर्षं मी पोरांना शिकवलं की एका प्रयोगाचं भांडं दुसऱ्यात वापरायचं तर आधी विचार करा. एका पोराला तर त्यासाठी वर्गाबाहेर काढलं होतं. त्याची क्षमा मागावी म्हटलं तर आता त्याचा चेहराही आठवत नाही.

लगेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सगळ्या जगाला तोंडावर सुनावणारी मी, अकरा दिवस मूग गिळून बसले. रोज ठरवायचं, उद्या बोलू. फडकं मात्र मी टाकलं नाही, कपाटात ठेवलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी भावजयीचा फोन. "वन्सं, यांनी राजीनामा लिहिलाय. दुरुस्तीचं टेबल नको म्हणतात. म्हणतात, हात गेलेल्या माणसाने लोकांच्या चष्म्याला हात लावू नये. उद्या नेऊन देणार. तुम्ही काहीतरी बोला."

मी फडकं पिशवीत टाकलं आणि तीन जिने चढले. माझे गुडघे जिन्यांच्या विरोधात आहेत, पण त्या दिवशी त्यांना कुणी विचारलं नाही.

तो खिडकीपाशी बसला होता. मी दम खाल्ला नाही, बसलेही नाही. म्हटलं, "ओरखडा तुझ्या हाताने नाही पडला. मी पाडला." आणि सगळं सांगितलं. नळ, फडकं, मंगळवारची सकाळ.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी."

"बारा दिवस झाले."

"हो."

मला वाटलं आता ओरडेल, आणि मी त्याला तयारही होते. पण तो हळूच म्हणाला, "ताई, हे खरं आहे, की माझं मन राखायला सांगतेस?"

भावजय दाराशी उभी होती. ती चटकन म्हणाली, "अहो, वन्संनी आजवर कुणाचं मन राखलंय? आपल्या लग्नात मला तोंडावर म्हणाल्या होत्या, पोरगी बरी आहे पण दात पुढे आहेत."

"होतेच," मी म्हटलं.

"बघा," ती म्हणाली.

तरी त्याचं समाधान होईना. मग मी पिशवीतून फडकं काढलं. ते का जपून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी बोलणारी बाई. याचा विश्वास बोलण्यावर नव्हताच कधी. त्याने कपाटातून कामाचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि फडक्याची घडी दोरा-दोरा करून उलगडली. शिवणीशी येऊन थांबला. बोटाच्या टोकावर काहीतरी उचललं आणि माझ्यापुढे धरलं. मला काही दिसलं नाही.

"पहिल्या पुडीचा आहे," तो म्हणाला. "जाड. धुतलंस तरी शिवणीत राहिला."

मग तो हसला. मोठ्याने नाही, तो मोठ्याने काहीच करत नाही. पण खांदे हलले. भिंग डोळ्यालाच होतं, आणि कण धरलेलं बोट अजिबात हलत नव्हतं. ते मी पाहिलं, आणि त्यानेही पाहिलं असावं. राजीनाम्याचा कागद त्याने दुमडला आणि तो कण त्यात पुडी बांधून ठेवला. भावजय म्हणाली, "हा काय ठेवा झाला?" त्याने पुडी कपाटात ठेवली.

मला माफ केलंस का, असलं काही मी विचारलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून सुटल्यावर तो भावजयीला घेऊन माझ्याकडे आला, पिंप धुतलं, फरशी तीनदा धुतली, आणि म्हणाला, "पुन्हा दुसऱ्या पुडीपासून. ये."

"मी?"

"तू पाणी घालायचंस. थेंबाथेंबाने. सदरा दे तिला कुठलातरी धुतलेला." शेवटचं भावजयीला.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मी त्या पिंपाशी ड्रॉपर धरून उभी राहिले. बोलायची परवानगी नव्हती, कारण त्याला आवाज ऐकायचा असे. दीड तास गप्प राहणं काय असतं, ते मला सत्तराव्या वर्षी कळलं. आवडलं असं म्हणणार नाही. पण पूड खरखरते, मग कुजबुजते, आणि एका क्षणी कुजबुज थांबते, हे मलाही ऐकू यायला लागलं. एकदा त्याच्याआधी मी हात वर केला. त्याने काच उचलली, पाहिली, मान हलवली. मास्तरांनी गैरहजेरी लावली असती. मी हजेरी धरली.

दुरुस्तीचं टेबल त्याने घेतलं. माझ्या चष्म्याच्या दांडीला आता नवा स्क्रू आहे, पहिल्या झटक्यात बसलेला. लोक मोडक्या फ्रेमा समोर ठेवतात, हा मान हलवतो, उद्या या म्हणायलासुद्धा तोंड उघडत नाही, आणि लोक उद्या येतात.

शेवटी घोटून चकचकीत केलेला आरसा डिसेंबरच्या मध्यात बाहेरून चांदीसारखा मुलामा देऊन आला. लाकडी नळीत बसवून त्याने ती दुर्बीण माझ्या अंगणातल्या लोखंडी टेबलावर ठेवली. सूर्य नुकताच मावळला होता, उजेड होता आणि अर्धा चंद्र वर आला होता. त्याने आधी स्वतः बघितलं नाही. म्हणाला, "ताई, तू बघ. तू खोटं बोलणार नाहीस."

मी डोळा लावला. "हलतंय," मी म्हटलं.

मी डोळा काढून पाहिलं तर तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. मग त्याची नजर टेबलावर गेली.

"ताई, कोपर काढ टेबलावरून."

मी कोपर काढलं आणि पुन्हा डोळा लावला. चंद्र जागच्या जागी उभा होता, कडेच्या सावलीसकट.

"आता?"

"आता स्थिर आहे. पण खड्डेच खड्डे आहेत रे."

"ते माझे नव्हेत," तो म्हणाला.