शेवंताची जट सांगलीला उतरवली

वाईहून सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही निघालो, मी आणि माझी भाची शेवंता. सांगलीला एक निवृत्त शिक्षिका जट उतरवतात असं कळलं होतं. शेवंताची जट (गुंतून दोरखंडासारखे झालेले केस) कमरेपर्यंत आली होती.

जट धरली तेव्हा ती वीस वर्षांची होती. आई नव्हती, सांभाळ माझ्याकडे. मी चौथी शिकलेली. केसांना तेल-फणी करावी एवढं मला कळायला हवं होतं. मी तिला हात धरून एका बुवाच्या मठात नेलं. बुवा म्हणाला, अंगात देवी आहे. जट काढली किंवा लग्न केलं तर हिचा माणूस वर्षात मरेल. त्याने तिला ठेवून घेतलं. बारा वर्षं तिने तिथली उष्टी काढली, उपास काढले, छडी खाल्ली. बुवा मेला तेव्हा सुटली.

सांगलीचा दत्तू हळदीचा टेम्पो घेऊन वाईला येतो. दोन वर्षं तो तिला लग्नाचं विचारतोय. तिलाही तो आवडतो. पण आपल्यामुळे तो मरेल ही भीती जात नव्हती.

साताऱ्याला गाडी बदलली, कंदी पेढे (खरपूस भाजलेल्या खव्याचे) घेतले. पेढे चांगले होते, चहा वाईट होता. कराडजवळच्या मलकापूरपाशी गाडी तासभर अडकली. दोन्ही बाजूंना ऊस, तुरे आलेला. शेजारच्या बाईने जट पाहिली आणि गर्दीतच वाकून शेवंताच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आईसाब, माज्या सुनंला पोर हुंदे."

"सुनंला डाक्टरला दावा," शेवंता म्हणाली. "आन् पोराला बी."

मागची माणसं हसली. बाई रुसून खिडकीकडे बघत बसली.

सांगलीच्या स्टँडवर दत्तू भडंग (मसाल्याचे चुरमुरे) घेऊन उभा होता. माझ्या पाया पडला, तिच्याकडे बघून नुसता हसला. शिक्षिकाबाईंचं घर जवळच होतं. त्यांनी कात्री काढली तशी शेवंता उठून उभी राहिली.

"ऱ्हाऊ दे. मावशे, चल घरी."

मी कोणत्या तोंडाने बोलणार? दत्तू तिच्यामागे पाटावर बसला आणि जट दोन्ही हातांनी धरली. आजवर तिने कुणाला हात लावू दिला नव्हता.

"बाई, कापा. मी धरलीया."

"सोड रं दत्तू. तुला काय झालं म्हंजी?"

"मरायचं असंल तर जेवून मरंन. आत झुणका शिजतोय, वास येतोय."

ती हसली, आणि हसता हसता खाली बसली. बाईंनी तेवढ्यात कात्री चालवली. दोन तास लागले. शेवटी मान एकदम हलकी झाल्याने तिचा तोल गेला आणि ती दत्तूवर कलंडली. तो म्हणाला, "सावकाश. म्या जित्ता हाय अजून." मग त्याने चार भाकऱ्या खाल्ल्या.

जटेचं काय करायचं, असं बाईंनी विचारलं. सवयीने मी म्हणाले, "कृष्णेत सोडू."

"नदीनं काय वाईट केलंय?" शेवंता म्हणाली आणि उठून जट कचऱ्याच्या डब्यात टाकून आली.

परतीच्या गाडीत डोक्याला रुमाल बांधून ती भडंग खात होती. कराड गेल्यावर मी म्हणाले, "तुला मठात म्या घातलं. चुकलं माझं."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. भडंगाची एक मूठ तोंडात टाकली. मग म्हणाली, "मठात हात धरून न्हेलंवतंस न्हवं? आता मांडवात बी तूच न्ह्यायचंस. गुडघं दुखत्यात म्हनू नगंस."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. मी म्हातारी देवदर्शनाला पुष्कळ हिंडले आहे. कामाचा प्रवास आयुष्यात हा एकच झाला. गुडघ्यांना तेल चोळायला आजपासून सुरुवात केली आहे.