फ्रिजवरची वाटी

लातूरला आमच्याकडं क्लासच्या मुली खोली करून राहायच्या. त्यांच्यासाठी ठेवलेल्या फ्रिजमधून पाणी गळायला लागलं म्हणून मेकॅनिक बोलावला. नाव मी विचारलं नाही. त्यानं आतलं तुंबलेलं भोक तारेनं मोकळं केलं. फ्रिज कललाय का बघायला वर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली आणि बटण दाबलं. पाणी थरथरलं. तसं त्यानं माझा हात धरून मला अंगणात ओढत आणलं. परक्या माणसानं हात धरला!

"ताई, माफ करा. फ्रिजच हलला," तो म्हणाला. "भूकंपात म्या एकलाच भाईर पळालो होतो. मायला हाक बी मारली न्हाई. ती आतच राहिली."

हात अजून त्याच्याच मुठीत होता. सोडवून घ्यायचं मला सुचलं नाही.