क्रशरच्या वाटेवरचा धोंडा

श्रीगजाननाला आणि कुलस्वामिनीला वंदन करून, ज्याचे अंगलेपन भस्म आणि ज्याचे घर स्मशान, त्या महादेवाचे स्मरण करतो. आज सर्वपित्री अमावास्या. शहापुरातल्या माझ्या घरी तर्पण झाले, पाने वाढून झाली, कावळ्याने घास उचलला. बोटांना चिकटलेले काळे तीळ अजून पुरते सुटलेले नाहीत, आणि दरवर्षीप्रमाणे तो रक्ताने माखलेला धोंडा डोळ्यांपुढे आला आहे.

खानापूरच्या रानाकडे एका डोंगरावर आदिवासींची वाडी आहे. प्रकरण कोर्टात असल्याने जमातीचे आणि वाडीचे नाव लिहीत नाही. हे लोक मृताला पुरतात. पुढे सवड झाली की त्याच्यासाठी पुरुषभर उंचीचा धोंडा ओढ्यातून ओढत नेऊन डोंगरमाथ्यावर, पूर्वजांच्या धोंड्यांच्या रांगेत उभा करतात. त्या रांगेतले काही इतके जुने आहेत की ते कोणाचे हे वाडीलाही सांगता येत नाही. काहींना मात्र नातवंडे अजून आजा म्हणून हाक मारतात. ‘माणूस मेला की उभाच ऱ्हातोय, धोंडा लागला की बसतोय,’ असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडेही मृताचा निवास दहा दिवस अश्म्यात, म्हणजे एका लहान खड्यात मानतात, त्या खड्यावर तिलांजली देतात आणि मग तो पाण्यात सोडतात. आपण सोडतो, ते जपतात.

त्यांचा एक नियम फार कडक. धोंड्याला चाक लावायचे नाही. वाटेत तो अडला तर विनवावे, चेष्टा करावी, प्रसंगी शिव्याही द्याव्यात. पण तीनदा ओढूनही हलला नाही, तर तिथेच उभा करावा. मृताने जागा निवडली असे मानतात आणि मग त्याला कोणी हात लावत नाही.

याच डोंगराच्या कुशीत निपाणीच्या एका ठेकेदाराचा खडीचा क्रशर आहे. ठेकेदार माझा जुना यजमान, नेमाने पूजाअर्चा करणारा. त्याच्या सुरुंगाचा दगड उडून वाडीवरचा एक माणूस शेळ्या राखताना जागीच मेला. कवटी अशी फुटली होती की पुरताना तोंड धोतराने बांधावे लागले. पुढे काही महिन्यांनी ठेकेदाराने क्रशरवर अपमृत्यूची शांत करायचे ठरवले आणि मला बोलावले. होम पेटला, आहुत्या सुरू झाल्या, आणि खालच्या वळणावरून आरोळी ऐकू आली. त्याच मृताचा धोंडा वर येत होता. माथ्याची वाट क्रशरच्या फाटकापुढूनच जाते. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी.

लाकडी घसरणीवर आडवा बांधलेला तो काळा धोंडा वाडीचे पुरुष दोरखंडांनी ओढत होते. मृताची बायको धोंड्याकडे तोंड करून पुढे उलटी चालत होती.

“चला की वो! जित्तेपनी बी असंच, हातभट्टीचं दार दिसलं की पाय हालायचा न्हाय!”

ओढणारे हसले. मृताचा धाकटा भाऊ दोर खांद्यावर घेऊन ओरडला, “वैनी, भट्टी वर हाय म्हनून सांग, पळत येतंय बघ!”

“भट्टी न्हाय, आई हाय वर,” ती धोंड्यालाच म्हणाली. “तिच्या शेजारची जागा साफ करून आलीया मी. चला.”

तिला एवढेच हवे होते. नवऱ्याला त्याच्या आईच्या धोंड्याशेजारी बसवायचे.

ठेकेदार पाटावरून उठला. माथा त्याच्या ठेक्याच्या हद्दीत होता, आणि तिथे नवा धोंडा उभा राहिला की वाडीचा हक्क आणखी पक्का होणार, हे तो जाणून होता. “यजमानाने होम टाकून उठू नये,” असे मी म्हणेपर्यंत तो फाटकाशी पोहोचलाही होता.

“ए आक्का, वर न्यायचं न्हाय. हद्द माझी हाय.”

“तुज्या हद्दीनंच त्येचं टकुरं फोडलंय. सर बाजूला.”

“दगडाची मिरवणूक काढत्यात! खडी करून टाकतो बघ.”

“कर की. मरताना तुज्या तोंडात घालाय व्हईल.”

ठेकेदाराचा मुकादम पुढे झाला आणि त्याने कोयत्याने मुख्य दोर तोडला. धोंडा घसरणीसकट मागे सरकला. धाकटा भाऊ पाचर लावायला धावला आणि त्याचा पाय खाली सापडला. हाड मोडल्याचा तो आवाज होमातल्या समिधेच्या तडकण्यासारखा होता.

मग कोणी कोणाचे राहिले नाही. पहारी, फावडी, हाताला लागेल ते चालले. मुकादमाचे पुढचे दात पडले आणि तोंडातून रक्ताच्या गुळण्या येऊ लागल्या. एकाला दोघांनी धरून कड्याच्या दगडावर त्याचे डोके आपटले. ठेकेदाराच्या कपाळाची कातडी उलटली. त्या बाईच्या कानावर फावड्याचा दांडा बसला आणि ती धोंड्यावरच कोसळली. झटापट फाटकातून होमापर्यंत आली, कलश लवंडला, कुंडातले निखारे पायांखाली विखुरले, त्यांवरून माणसे अनवाणी झुंजत होती. मी मध्ये शिरलो, हात जोडले; खांद्यावर तडाखा बसून खाली पडलो. माझे उपरणे रक्ताने भिजले होते. कोणाच्या, ते आजही ठाऊक नाही.

मारणारे दमले तेव्हाच मारामारी थांबली. भावाचा पाय पहारींनी धोंडा उचलून सोडवला. तो बेशुद्ध होता. कानातून रक्त गळत असताना ती बाई उठली, तुटका दोर तिने गाठ मारून जोडला आणि म्हणाली, “ओढा.”

उरलेल्यांनी ओढले. धोंडा हलला नाही. तिने विनवले, पुन्हा ओढले. तिसऱ्या वेळी ती स्वतः दोराला लागली. दोर करकरला, धोंडा जागचा हलला नाही. तिने त्याला गाल लावला. “आई वर वाट बघतीया की वो तुमची,” असे इतक्या हळू म्हणाली की मी जवळ होतो म्हणून ऐकले. मग मान वर करून म्हणाली, “खड्डा खना. हितंच.”

फाटकाच्या बरोबर समोर! ज्या पहारींनी डोकी फोडली त्यांनीच खणायला सुरुवात झाली. ठेकेदार कपाळ दाबून माझ्यापाशी आला.

“गुरुजी, ह्यावर कायतरी असंल की. उत्तरपूजा करून हलवता ईल न्हवं?”

“ज्याने बसवला त्यानेच उत्तरपूजा करायची असते,” मी म्हणालो. “आणि तुमचा होम अर्धा राहिला आहे. पाटावर बसा.”

“ह्या असल्या रक्तात?”

“शांत त्याचीच होती ना? तो दारात आला आहे.”

तो बसला नाही. पोलीस आले तेव्हा धोंडा उभा होता. दोन्हीकडची माणसे गाडीत घालून नेली. पुढे ठेकेदाराने धोंडा उपटायला जेसीबी आणला, तेव्हा ती बाई धोंड्याला मिठी मारून राहिली. तिला केसांना धरून ओढले, तरी सुटली नाही. शेवटी जेसीबीचा चालकच यंत्र बंद करून उतरला. मग कोर्टाची स्थगिती आली. कडा फोडून क्रशरसाठी धोंड्याला वळसा घालणारी नवी वाट काढली आहे. खडी अजून फुटते. धाकट्या भावाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

यंदा श्रावणात मी तिथे जाऊन आलो. ती धोंड्यापाशी भाताचा घास ठेवत होती. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही, म्हणून उजव्या बाजूला बसलो.

“वर असतं तर आईपाशी बसलं असतं,” ती म्हणाली. “हितं मारनाऱ्याच्या गाड्या बघत बसलंय.”

“राग गेला का, आक्का?”

“माजा न्हाय गेला. त्येचा काय ठावं? अजून बोलत न्हाय.”

आज तर्पणात मी त्याच्यासाठी एक ओंजळ अधिक सोडली, आणि वर एकट्या राहिलेल्या त्याच्या आईसाठी आणखी एक. वाचकहो, तुमच्या घरातल्या गेलेल्यांना आपल्या माणसांशेजारी जागा मिळो, राहिलेल्यांच्या अंगावर कोणाचा हात न पडो, आणि तुमच्या उंबऱ्याशी जो कोणी येईल तो शांत मनाने येवो. महादेव तुमच्या कुळाचे रक्षण करो.