देवमाणसाच्या घरची होम व्हिजिट

प्रकाशभाऊंनी हसत हसत दार लावलं आणि कडी सरकवली. "गॅलरीत कान फार असतात हो, ताई," म्हणाले. त्यांची बायको सुषमा ओट्यापाशी उभी होती. तिने गॅस बंद केला. चहा अजून उकळलाही नव्हता.

मी काउन्सेलर. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांच्या केसेस बघते. सुषमा आमच्या परळच्या सेंटरवर आली होती. नवरा मारतो, पण कुणाला खरं वाटत नाही, म्हणाली. आमच्या सीनियर मॅडम फाइलवर 'टू-फेस्ड' लिहायला निघाल्या. मला पटेना. टू-फेस्ड म्हणजे तोंडावर एक, पाठीमागे एक. 'वुल्फ इन शीप्स क्लोदिंग' म्हणावं, तर त्यात चांगुलपणा म्हणजे नुसतं सोंग. सुषमा तर सांगत होती, "बाहेर ते खरंच चांगले आहेत हो."

"मग 'स्ट्रीट एंजल, हाउस डेव्हिल' लिही," मॅडम म्हणाल्या. रस्त्यावर देवदूत, घरात सैतान. "पण आधी होम व्हिजिट कर. शेजारी चांगलं बोलले तर समजूत घालून नांदायला पाठवू." थोडक्यात, सुषमाला शेल्टर मिळणार की नाही, हे माझ्या त्या फेरीवर होतं.

लालबागच्या त्या चाळीत दिवसा सगळी दारं सताड उघडी. शेजारच्या काकू गॅलरीत तांदूळ निवडत होत्या. "भाऊ? देवमाणूस! ह्यांच्या छातीत दुखलं, तर पाठीवर घेऊन जिने उतरले." काकू खोटं बोलत नव्हत्या. माझी पंचाईत झाली. तेवढ्यात भाऊच आले आणि "या ना, चहा घ्या" करत मला आत घेऊन गेले.

आणि आता दार बंद होतं. भाऊ दाराच्या वाटेतच खुर्ची टाकून बसले. आवाज तसाच गोड. "ताई, फणसवाडीत राहता ना? मुलगी क्लासला एकटीच जाते तुमची."

मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"हिला विसरायची सवय आहे," ते सुषमाकडे न बघता म्हणाले. "घरातलं बाहेर बोलायचं नाही, हे विसरते. मग आठवण करून द्यावी लागते." सुषमाने ओटा घट्ट धरला होता. मी घाबरले. ही बाई रोज या खोलीत कशी राहते, तेच कळेना.

दारावर थाप पडली. "सुषमा, वाटीभर साखर दे गो!"

भाऊ उठले. कडी काढेपर्यंत चेहऱ्यावर हसू परत आलं होतं. "या काकू!" काकू आत येईनात. वाटी पुढे धरून उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. मी सुषमाचा हात धरला, "ऑफिसात हिची एक सही राहिलीय," म्हटलं आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडले. सगळी गॅलरी बघत होती. "सावकाश जा हं," भाऊ म्हणाले.

टॅक्सीत सुषमा बोलली. "दिवसा आमचं दार लागलं की काकू साखर मागायला येतात. त्यांच्याकडे दोघांनाही डायबेटिस आहे."

बंद दाराआड काय ऐकलं ते मी मॅडमना सांगितलं, आणि शेल्टर त्याच दिवशी मिळालं. नंतर जबाबासाठी मी काकूंना चिंचपोकळी स्टेशनबाहेर गाठलं. त्यांनी हातच जोडले. "माका काय इचारू नको गो बाय. ह्यांका परत दुखला तर खाली कोण नेतलो? भाऊच ना!"

जबाब मिळाला नाही. सुषमा मात्र परत गेली नाही.

हल्ली होम व्हिजिटला मी शेजाऱ्यांना माणूस कसा आहे, असं विचारत नाही. त्यांच्याकडे तुमचं जाणं कधी होतं, ते विचारते. आणि बसते दाराजवळ.