कव्हरवरची बाई

दत्ताभाऊ माणसाकडे बघायचे ते एक डोळा मिटून, ब्रश हातभर पुढे धरून. दूधवाला असो की मयताला आलेला पाहुणा, ते माप घ्यायचे. डोंबिवलीत चाळीत आमची खोली त्यांच्या शेजारी. दिवाळी अंकांची कव्हरं काढणं हा त्यांचा धंदा. हातात कला होती, त्यात खोट नाही. खोट दुसरीकडे होती.

गणपतीच्या आधीपासून त्यांच्याकडे गडबड. आधी पेन्सिलीने लहान लहान तीन चित्रं काढून ठाण्याला खोपटमध्ये अंकाच्या ऑफिसात न्यायची. संपादक एक पसंत करायचा. विषय ठरलेला, तबक घेतलेली बाई. मग दत्ताभाऊ मोठा कागद लावायचे, वर अंकाच्या नावाला जागा सोडायचे आणि बायकोला हाक मारायचे. "सुशीला, बस गं."

सुशी काळी, बसक्या नाकाची, तोंडावर लहानपणी आलेल्या देवीचे वण. तबक धरून ती बसायची, गॅसवर आमटी लागायची.

"हात भरून आले हो."

"हलू नकोस. पदर नीट घे. तोंडाचं राहू दे, ते मी घालतो."

ते तोंड दरवर्षी एकच असायचं. गोरं, चाफेकळी नाकाचं. हात, खांदे, मान सुशीची. ती मला म्हणायची, "आक्का, माझे हात घरोघरी पोचले. तोंड मात्र ओट्यापुढनं हललं नाही."

मी एकदा दत्ताभाऊंना विचारलं, "बायको समोर बसवता आणि भलतीच काढता, हे काय?"

"आक्का, कव्हर म्हणजे दुकानाची काच. तिच्यावर डाग चालत नाही. घरातलंच तोंड लोक पैसे देऊन कशाला घेतील?"

एका वर्षी सुशी अडून बसली. "यंदा मला काढायचं असेल तरच बसते." त्यांनी काढलं. पेन्सिलीतलं ते चित्र मी बघितलंय. वण, नाक, हसताना एका बाजूला जाणारा ओठ, सगळी सुशी. तिने तोंडाला पदर लावला नि म्हणाली, "अगोबाई, मी अशी दिसते? बरी दिसते की!"

दुसऱ्या दिवशी रंग चढला. नाक वर आलं, वण बुजले. सुशी चित्रापुढे उभी राहिली आणि मग भांडी घासायला बसली.

"अगं, संपादक घेणार नाही. दिवाळी झाली की तुझं वेगळं काढतो, मोठं, भिंतीवर लावायला," दत्ताभाऊ म्हणाले.

दिवाळ्या येत गेल्या, जात गेल्या. सुशी काविळीने गेली तेव्हा भिंतीवर काही नव्हतं. फोटो म्हणाल तर लग्नातला एक, त्यात मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. तेराव्याला हार घालायचा तरी कशाला? दत्ताभाऊ म्हणाले, मी काढतो. दार लावून बसले. मला वाटलं, आता तरी. इथे ना संपादक होता, ना गिऱ्हाईक.

तेराव्याला गेले तर पाटावर कव्हरवरची बाई. गोरी, चाफेकळी नाकाची. तबक तेवढं नव्हतं.

"ही कोण?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

"सुशीलाच की, आक्का."

"सुशीचे वण कुठे गेले?"

दत्ताभाऊ चित्राकडे बघत राहिले. म्हणाले, "पेन्सिल लावली की हात आपोआप तिकडेच जातो. खूप आठवलं. तिचं नाक मला आठवेना."

मागून कोणी पाहुणी बोलली, "किती देखणी होती हो!" मी फुलं परत घेऊन आले. तिथे जेवले नाही.

पुढे दत्ताभाऊही गेले. ते चित्र अजून त्यांच्या मुलाकडे आहे. त्या मुलाची सून, तिने सुशीला कधी पाहिलेलं नाही, रोज हात जोडते. एकदा मी तिला सांगितलं, "ही आमची सुशी नव्हे गं."

ती हसली. म्हणाली, "आजी, तुम्हाला आता नीट दिसत नाही."