कापलेली पंगत

मोठीमायनं व्हिडिओ कधी सलग बघितला नाही. बापूकाकाच्या लग्नाची कॅसेट लागली की ती भिंतीला टेकून, पाय लांब करून बसायची. पडद्यावर एखादं गेलेलं माणूस दिसलं रे दिसलं, की हात वर करून म्हणायची, "थांबिव." रिमोट ज्याच्या हातात असेल त्यानं चित्र थांबवायचं. मग त्या माणसाबद्दल कुणीतरी काहीतरी सांगायचं. सांगितल्याशिवाय लग्न पुढं सरकत नसे.

"लई चांगला माणूस होता," असं कुणी म्हणालं की ती हात झटकायची. "मेल्यावर सगळेच चांगले असतेत. काय केलं ते सांग. अन् खोटं सांगू नको, त्यो समोर बसलाय."

एकदा सोपानतात्यापाशी चित्र थांबलं. बापूकाका म्हणाला, "ह्यानं माझा नवा कासरा नेलता, परत आणलाच न्हाई."

"हां, हे खरं," मोठीमाय म्हणाली. "अन् तू त्याच्या रानातला हरभरा उपटून खाल्लास, ते कोण सांगंल?"

सगळे हसले. जुन्या व्हीसीआरवर थांबवलेलं चित्र जागच्या जागी थरथरायचं. तात्या फेट्यासकट थरथरत होता. "थंडी वाजायलीय त्याला," ती म्हणाली, "आवरा. चालू कर."

दरवर्षी एखाददुसरं माणूस कमी व्हायचं, आणि तीन तासांचं लग्न बघायला जास्त वेळ लागायचा. दिवाळीत दुपारी बसलं तर दिवेलागणीलाही नवरदेव मांडवातच असायचा.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको; बापूकाका त्यांचा धाकटा भाऊ. आमचं गाव घाटनांदूरपासून जवळ. आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परत. तेवढे महिने मी मोठीमायच्या घरी असायचो. तिचा स्वतःचा दत्तादादा माझ्याहून मोठा. ताटात डावंउजवं तिनं कधी केलं नाही. आठवीनंतर मी शाळा सोडली तेव्हा वडील फोनवरून ओरडत होते, दत्तादादा तोंड फिरवून बसला होता. ती चुलीपाशी होती. म्हणाली, "शाळा सुटली तर सुटली. जेवण सुटलं का? ये, बस."

गावातल्या एकाबरोबर मी जामनगरला पितळेच्या कारखान्यात निघालो, तेव्हा स्टेशनवर सोडायला तीच आली होती. मी लहानपणापासून भित्रा. अजूनही खोलीला कुलूप लावून निघालो की अर्ध्या वाटेवरून परत येऊन ओढून बघतो. तिला ते ठाऊक होतं. भाकरीचं गाठोडं हातात देत म्हणाली, "तिथं भ्या वाटलं, की सकाळधरनं काय काय खाल्लं ते आठवत बसायचं. पोट भरलेलं असलं की भ्या निम्मं." या एका वाक्यावर मी परमुलखात इतकी वर्षं काढली, हे तिला एकदा सांगायला हवं होतं. फोनवर मी विचारायचो ते एवढंच, "बरी हाईस ना? ठेवू का?"

तिचे मालक, आमचे आबा, बापूकाकाच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांत गेले. घरात त्यांचा एकच फोटो. त्यावर फोटोवाल्यानं स्वतःच्या मनानं निळा कोट आणि टाय चढवलेला. आबांनी जन्मात कोट घातला नव्हता. मोठीमाय हार बदलताना म्हणायची, "हे सायेब कोण म्हणावं!" खरे आबा फक्त त्या कॅसेटमध्ये होते, आणि तेही पंगतीत. एरवी सगळ्या लग्नात ते कुठंतरी धावत असत. शूटिंगवाल्याला सापडलेच नाहीत. पंगतीत मात्र तो दिवा घेऊन सावकाश फिरला होता. धोतर खोचून, वरणाची बादली घेऊन आबा बायकांच्या ओळीत येतात, तेवढंच ते.

आणि तिथं मोठीमाय कधीच "थांबिव" म्हणायची नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं तर म्हणायची, "चालू द्या. लोक जेवायलेत."

असं का, ते मला माहीत होतं. त्या पंगतीत लहानगा मी तिच्या शेजारी बसलेलो होतो. तिनं भाताला आळं करून ठेवलं होतं. आबांनी तिच्या अलीकडच्या बाईला वरण वाढलं, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, त्यांनी मान वर केली आणि पुढची पळी माझ्या भातावर पडली. मधलं पान राहिलं. आबा पुढं गेले. मोठीमायनं कॅमेऱ्याकडं बघितलं, हसली, पदर ओढून घेतला, आणि माझ्या पानावरचं थोडं वरण आपल्या भातात ओढलं. डोळा लवावा एवढाच वेळ. ज्याला ठाऊक नाही त्याला दिसायचंही नाही.

कारखान्यात जरा बस्तान बसल्यावर तिला काहीतरी द्यावं असं माझ्या मनात आलं. व्हीसीआर बंद पडलेला, कॅसेटला बुरशी धरलेली. सुट्टीत मी ती अंबाजोगाईला एका स्टुडिओत नेली. तिथला माणूस म्हणाला, "पेनड्राईव्हवर करून देतो. पण तीन तास कोण बघतंय आता? निवडक ठेवू?" जामनगरला सोबतच्या पोरांच्या लग्नाचे झकपक व्हिडिओ मी बघितले होते. मी म्हणालो, "तुम्हीच बघा काय चांगलं ते."

कधी पाळीवर मशीन सुरू करताना, कधी नळावर बादली भरताना, माझंच हे वाक्य मला ऐकू येतं.

दिवाळीत घरात सगळे बसले. टीव्हीला पेनड्राईव्ह लावला. गाणी घातलेली, चेहरे उजळलेले, अक्षता संथ गतीनं पडताहेत. पोरं खूश. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि एकदम नवरी गाडीत बसली. मोठीमायनं आमच्याकडं बघितलं.

"अरे, लोक जेवायचे राहिले की."

दत्तादादानं पुढंमागं करून बघितलं. पंगत नव्हती. सोपानतात्या एकदा स्टेजवर होता, तेवढा वाचला होता. बाकीचे पंगतीबरोबर गेले होते. आबाही.

"मोठेमाय, ते त्यानं..." मी काहीतरी बोलायला लागलो.

"असू दे," ती म्हणाली. "लई झकास झालंय. तोंडं कशी घासल्यावानी दिसायलेत."

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं मी अंबाजोगाई गाठली. स्टुडिओवाला म्हणाला, बुरशीच्या कॅसेटा आम्ही ठेवत नाही, भंगारात गेली. भंगारवाल्याकडंही जाऊन आलो. घरी आलो तेव्हा ती अंगणात शेंगा फोडत होती. कुठं गेलतास, हेही तिनं विचारलं नाही. समोर मूठभर शेंगा सरकवल्या.

पुढच्या दिवाळीला पुन्हा तो व्हिडिओ लागला. नवरी गाडीत बसायच्या आधी तिनं हात वर केला. "थांबिव. आता पंगत हाय." आणि ती सांगायला लागली. पहिल्या ओळीत कोण, कुणाला बुंदी कमी पडली, कोण पत्रावळ फाटली म्हणून भांडलं. थांबलेल्या पडद्याकडं बोट करून सांगत होती, आणि आम्ही त्या बोटाच्या मागं बघत होतो. मग ती थांबली. म्हणाली, "अन् हितनं हे आले. वरण घेऊन."

पंगतीतल्या आबांबद्दल ती पहिल्यांदा बोलत होती.

"माझ्यापाशी थांबले," ती म्हणाली. "एवढी माणसं बघायलीत, तरी थांबले. दोन पळ्या वाढल्या."

मी खाली बघत राहिलो. जी बाई कुणाला मेलेल्या माणसाबद्दल एक शब्द खोटा बोलू देत नव्हती, ती हे सांगत होती. त्यानंतर जेवढ्या वेळा सुट्टीत गेलो तेवढ्या वेळा ऐकलं. दर खेपेला आबा थोडे जास्त थांबायचे. एकदा त्यांनी "लिंबू पायजे का?" असंही विचारलं. बापूकाकानं माझ्याकडं बघितलं, मी टीव्हीकडं.

कधी मनात येतं, बरंच झालं ती पंगत कापली गेली. नाहीतर आबा शेवटपर्यंत तिच्या पानावरून पुढंच जात राहिले असते. पण असं वाटलं की मला माझीच शरम वाटते. आपल्या चुकीला असं झबलं-टोपडं घालून मिरवायचं का? ते आबा कसेही असले तरी तिचे होते. हलणारे, घामेजलेले, धोतर खोचलेले. ते मी घालवले. आणि तिला खोटं बोलायला लावलं, तेही मीच.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. जामनगरहून गाड्या बदलत मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. चुलीपाशी तिचा पाट तसाच होता.

आता वर्षश्राद्ध आलंय. मला सुट्टी मिळाली नाही. परवा दत्तादादाच्या पोरीचा, प्रतीक्षाचा फोन आला. मी मशीनवर होतो, बाहेर येऊन घेतला.

"काका, त्या दिवशी सगळ्यांना व्हिडिओ दाखवायचाय. आज्जीसारखं थांबवत थांबवत. पंगत मी सांगणार हाय, मला पाठ हाय सगळी. पण पप्पा म्हणायलेत, आबांचं सांगू नको."

"कावून?"

"म्हणतेत, आबा असे चारचौघांत बायकोपाशी थांबणारे नव्हतेच. आज्जी मनचं सांगायची. लोक हसतील म्हणतेत." मग ती म्हणाली, "तुमी शेजारी बसला होतात ना? खरं सांगा. थांबले होते का?"

आत मशीन चालू होतं. कुणीतरी मला हाक मारत होतं. मी तिकडं बघितलं नाही.

"थांबले होते," मी म्हणालो. "मी बघितलंय. दोन पळ्या वाढल्या."

"अन् मग आज्जीनं काय केलं? ते ती कधी सांगायचीच न्हाई."

"तिनं पानावर हात आडवा धरला," मी म्हणालो. "बास म्हणाली. तरी त्यांनी अजून एक वाढली."