न आलेल्या नऊ जणांचे रोट

रविवार, ३ ऑगस्ट २०२५. सकाळी सहाला रोटांचं, म्हणजे गुळाच्या जाड पोळ्यांचं, पीठ मळायला बसले. गुळाचं पाणी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. पीठ एका परातीत मावेना, म्हणून शेजारून दुसरी आणली.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई देवी घरात बसते आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत पाण्यावर नेऊन पोहोचवतात. रोटांसाठी गहू घ्यायचे ते घरातले पुरुष मोजून. बऱ्याच घरांत माणशी सव्वा मूठ असते. आमच्याकडे सव्वा ओंजळ आहे. ओंजळ सासऱ्यांची, म्हणजे आबांची, आणि त्यांच्या एका ओंजळीत माझ्या दोन सहज बसतात. त्यांनी शुक्रवारी पाटावर बसून चौदा नावं घेतली आणि चौदा जणांचे गहू सुपात टाकले. त्या चौदांतले दोघे पुण्यात, तिघे सुरतेला, तिघे नाशिकला आणि एक पाच महिन्यांचा, आईबरोबर तिच्या माहेरी. हजर पुरुष पाच.

मी म्हटलं, "आबा, जे आलेत त्यांचेच मोजा ना."

आबा म्हणाले, "नाव नही लिधं तं मानूस घरना कसा ऱ्हाई?"

रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. हे इतरांकडेही आहे. आमच्या घरची भर अशी की रोट संपेपर्यंत थोरल्या सुनेने गावाची वेस ओलांडायची नाही. ही भर कोणी घातली ते कोणालाच माहीत नाही. सासूबाईंनी पाळली, त्यांच्या सासूने पाळली. आम्ही पारोळ्याकडचं गाव सोडून जळगावात पिंप्राळ्याला घर बांधलं, तेव्हा ती भरही सामानाबरोबर आली. शहराची वेस नेमकी कुठे, हे मात्र कोणी विचारलं नाही.

थोरली सून मी. आणि सोमवारी अकरा वाजता मला धुळ्यात नमुना पाठ द्यायचा होता.

मी अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवत असे, तासिका तत्त्वावर. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा सोडलं. चार वर्षं त्यांचं केलं. त्या गेल्या वर्षी गेल्या. तरी मी घरातच राहिले, कारण तोवर आबांचं पथ्य, नवऱ्याचा डबा, दारात येणारा प्रत्येक पाहुणा हे सगळं माझ्याभोवती बसून गेलं होतं. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. अडवणारं कोणी असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं. धुळ्याच्या कॉलेजची जागा पूर्ण वेळेची होती. माझी पन्नाशी दोन वर्षांवर आली होती. पुन्हा अशी जागा निघेल आणि मला बोलावतील, अशी माझी समजूत नव्हती.

पाठाचा विषय त्यांनीच दिला होता: कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर.

नवऱ्याला कॉलेजचं पत्र गुरुवारीच दाखवलं होतं. रविवारी तो म्हणाला, "फोन करून सांग, पुढच्या आठवड्यात येते म्हणून."

"गुरुवारीच विचारलं. सोमवारीच घेणार आहेत."

"मग बघू," तो म्हणाला आणि केळीचे खांब बांधायला अंगणात गेला. या घरात 'बघू' म्हणजे विषय संपला.

धाकटी जाऊ दिराबरोबर पुण्याहून तेवढ्यासाठीच आली होती; त्यांचे दोघे मुलगे तिकडेच राहिले होते. ती लाटत होती, मी भाजत होते. एका पुरुषाचे चार, असे छप्पन्न रोट झाले. दुपारी पंगत बसली. खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी आणि रोट. दिराने पाच खाल्ले आणि भिंतीला टेकला.

"वहिनी, आता एक जरी वाढलात तर उद्या कानबाईबरोबर मलाही पाण्यावर न्यावं लागेल."

"नेऊ," जाऊ म्हणाली, "पण ताटातलं संपवा आधी."

सगळे हसले. मी डबा उघडून मोजले. एकतीस उरले होते. आम्ही दोघी बायका आणि पाच पुरुष, त्यांतला एक पथ्याचा. रात्री फार तर सात-आठ संपतील. सकाळी खीर शिळी, पोटं जड. बुधवारपर्यंत माझी सुटका नव्हती. जे नऊ जण आलेच नव्हते, त्यांच्या वाटणीने मला घरात बसवलं होतं.

चार वाजता आबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी वही घेऊन त्यांच्या बाजूला बसले. कोणासमोर तरी एकदा म्हणून बघायचं होतं, आणि हातात मोबाइल नसलेलं घरात दुसरं कोणी नव्हतं.

"आबा, तुम्ही गोफण फिरवलीय ना?"

"जवारीवर पाखरं बसेत. रोज फिरवूत."

"जोरात फिरवली की दोरी कशी लागते?"

"घट धरनी पडस. हात ढिला पडना का दगड गया."

"तसंच आकाशात आहे. सूर्याभोवती ग्रह फिरतात. जवळचा वेगात, लांबचा सावकाश, कारण लांब ओढ कमी पडते. आपला सूर्य आणि असे अब्जावधी तारे मिळून एक दीर्घिका होते, आणि तेही सगळे तिच्या मध्याभोवती फिरतात. मग कडेचे तारे हळू फिरायला हवेत की नकोत?"

"हवेत."

"मोजलं तर हळू नाहीत. कडेचे जवळपास आतल्यांच्याच वेगाने फिरतात. दिसणारे सगळे तारे आणि सगळा वायू जमेस धरला, तरी एवढ्या वेगाच्या ताऱ्यांना धरून ठेवण्याइतकी ओढ भरत नाही. ते कधीच निसटून जायला हवे होते. गेले नाहीत. म्हणजे ओढणारं आणखी काहीतरी तिथे आहे, आणि दिसतं त्याच्या कितीतरी पट आहे. ते उजेड देत नाही, उजेड अडवतही नाही."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "दखाई नही ऱ्हायनं, मंग शे कसावरथीन?"

"दिसत नाही, मग आहे कशावरून? दुसरीही एक खूण आहे. दीर्घिकांचे मोठे थवे असतात. त्यांच्या मागून येणारा उजेड वाकतो. वजन जितकं जास्त, तितका जास्त वाकतो. तोही दिसणाऱ्या वजनाच्या मानाने फार वाकलेला निघतो. दोन वेगळ्या वाटांनी गेलं तरी हिशेब तिथेच येतो."

"पन हातमा काही लागनं का?"

"नाही. ते कशाचं बनलंय, हे अजून कोणाला सापडलेलं नाही."

आबांनी कातरलेली सुपारी डबीत भरली. मग म्हणाले, "मंग वजन नसी. नियमच चुकीना व्हई."

वर्गातल्या मुलांनी हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता. मी सांगितलं की असं म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत. लांबच्या अंतरावर ओढीचा नियमच बदलावा, असं ते म्हणतात. पण नियम बदलून काही दीर्घिकांचा वेग जुळतो, त्या थव्यांचं गणित नीट जुळत नाही. म्हणून बहुतेक जण नियम तसाच ठेवतात आणि न दिसणारं द्रव्य शोधत बसतात.

हे बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मीही इतकी वर्षं तेच केलं. नियमाला हात लावला नाही. वजन वाढत गेलं की फक्त ते कुठून आलं ते शोधायचं. पण आकाशाचा नियम माणसांनी केलेला नाही. आमचा, वेशीचा, माणसांनीच केलेला होता.

मी वही मिटली. "आबा, मी उद्या पहाटे धुळ्याला जाते."

"आजून एकतीस रोट शेत."

"मीच मोजलेत."

"माले इचारू नको."

"विचारत नाही. सांगतेय."

त्यांनी अडकित्ता उचलला आणि उरलेली सुपारी कातरायला घेतली. पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. जेवतानाही भाजी त्यांनी माझ्या हातून घेतली नाही, जावेला वाढायला सांगितली. मला ते लागलं. पण निर्णय बदलण्याइतकं नाही.

भांडी घासताना जावेला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "ताई, उद्या कानबाई डोक्यावर कोण घेणार?"

"तू."

"आणि वेस?"

"ती माझ्यावर. तू थोरली नाहीस."

"बरंय. थोरली असते तर मी पुण्याहून निघणारी बसच चुकवली असती."

सोमवारी पावणेपाचला उठले. आबांच्या गोळ्या वाटीत काढल्या, चहा थर्मासमध्ये भरला, कानबाईसमोर दिव्यात तेल घातलं. नवरा जागा होता. त्याला रात्रीच सांगितलं होतं; त्याने गाडी काढून स्टँडवर सोडलं. साडेसहाची धुळे गाडी मिळाली. पारोळ्याच्या पुढे दिराचा फोन आला, तो घेतला नाही. धुळ्यात नऊच्या आत उतरले, तेव्हा कॉलेज उघडलं नव्हतं. फाटकाबाहेर चहा प्याले, स्टँडच्या नळावर तोंड धुतलं होतं तरी पुन्हा धुतलं. अकरा वाजता आत बोलावलं. समोर चार परीक्षक आणि मागे वीसेक मुलं होती. मी फळा पुसला, आधी खाली उतरत जाणारी रेघ काढली, म्हणजे आपला अंदाज, मग तिच्या वर सरळ जाणारी, म्हणजे प्रत्यक्ष मोजलेला वेग, आणि दोन रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेवर हात ठेवून बोलायला सुरुवात केली.